मान खाली घातलेला रेडा

पाणी तापवायचा बंब, वेताच्या खुर्च्या, बाजाची पेटी आणि शेवटी रेडा, अशी रांग लावली होती. कर्जतला उल्हास नदीच्या काठी मुंबईच्या एका शेटचा बंगला आहे. शेट वारला, आणि मुलांनी बंगल्यातलं होतं नव्हतं ते आवारात काढून लिलावाला लावलं. आमच्या ह्यांना बंब हवा होता. इंजिनाच्या शेडमधून माणूस घरी येतो तो कोळशाने माखून, आणि गार पाण्याने तो काळेपणा निघत नाही, म्हणून बंब. मी आपली सोबतीला गेले. शिवाय मोठ्यांच्या घरातली चीजवस्तू अशी उघड्यावर आलेली बघायला बरी वाटते, त्यात काय लपवायचं.

गर्दी होती ती रेड्याभोवती. धातूचा रेडा, माझ्या कमरेएवढ्या उंचीचा, हिरवट काळा. लिलाववाला त्याला ब्राँझ म्हणत होता, आमचे हे म्हणाले की कासं असणार. मान खाली घातलेली, जीभ बाहेर आलेली, आणि जिभेपुढे काहीच नाही. लिलाववाल्याने कागद बघून सांगितलं की हा तहानलेला रेडा, नव्या पद्धतीचं काम, मुंबईच्या प्रदर्शनात वाखाणलेलं. तेवढ्यात चिरूट ओढणारा एक गृहस्थ पुढे झाला. त्याने रेड्याच्या जिभेवर राख झाडली आणि म्हणाला, घ्या, भागली तहान. सगळे हसले. आमचे हेही हसले. एका बाईने आपल्या पोराला त्याच्या पाठीवर बसवलं, आणि पोराने टाचा मारून त्याला हाकायला सुरुवात केली.

मीही हसणारच होते. पण माझी नजर त्याच्या डाव्या कानाकडे गेली. कानाला त्रिकोणी खाच होती. मग मी उजवं शिंग बघितलं. टोक तुटलेलं. घडवणाऱ्याने तुटलेल्या शिंगाचा खरबरीतपणासुद्धा सोडला नव्हता.  तहान कसली आलीय मेल्यांनो! तो पाणी पीत नव्हता. तो आमच्या आत्याच्या हातावरचं मीठ चाटत होता. हात तेवढा केलेला नव्हता.

आमचं गाव खालापूरच्या अलीकडे, पाताळगंगेच्या काठाला. मी म्हणते आमचं, पण लग्न होऊन कर्जतला आले त्याला किती पावसाळे झाले. गावाचं नाव निघालं की मला आधी वास येतो, गोठ्याचा. भादव्यात पाऊस थकून रेंगाळायला लागला की गोठ्यातली जमीन आंबायची. ओला पेंढा, शेण, म्हशीच्या अंगाची वाफ आणि डास जावेत म्हणून आत्याने केलेला कडुनिंबाचा धूर, असं सगळं मिळून एक जडसर ऊब व्हायची. बाहेर घाटाच्या डोंगरावर ढग उतरलेले असायचे आणि आम्ही पोरं त्या उबेत जाऊन बसायचो. तसल्याच एका भादव्यात आमच्या म्हशीला टोणगा झाला. आत्याने त्याला भादू म्हटलं. खरं तर त्याला नाव ठेवायचं नव्हतं, कारण तो आमचा नव्हताच.

आमच्याकडे रीत होती. गावदेवीच्या जत्रेत रेडा दिला, की त्यानंतर गावात जो पहिला टोणगा जन्मेल तो देवीचा. मग तो कुणाच्याही गोठ्यात होवो. भगत येऊन त्याच्या डाव्या कानाला खाच पाडतो. त्याला औताला जुंपायचं नाही, काठी लावायची नाही, कुणाच्याही शेतात शिरला तरी हात जोडायचे. वाढून भरला, की चैत्रातल्या जत्रेला देवीसमोर न्यायचा. तिथे मात्र त्याला कुणी ओढत नाही, ढकलत नाही. दावं सोडून मोकळा कातळावर उभा करतात. भगत समोर उभा राहून रिकामा हात पुढे धरतो, गुडघ्याच्या उंचीवर, आणि देवीच्या नावाने तीन हाका देतो. रेड्याने तेवढ्यात मान खाली घालून त्या हाताला तोंड लावलं, तर देवीने मागितलं आणि त्याने दिलं. नाही लावलं, तर तो देवीला नको आहे. मग त्याला कुंकू लावून सोडतात, आणि म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याच्या वाटेला कुणी जात नाही.

पण हाताला तोंड न लावलेला रेडा गावात कुणी बघितला नव्हता. दिसणार कसा? देवीचा रेडा म्हणून दारोदारच्या बायका त्याला हातावर भाकरी द्यायच्या, पुण्य लागतं म्हणून. लहानपणापासून त्याला एकच माहीत, की हात दिसला म्हणजे भाकरी. हे गावाला कळत नव्हतं असं समजू नका. कळत होतं. बोलायचं नाही, एवढंच.

आत्या मात्र बोलली. आत्या म्हणजे माझ्या बापाची धाकटी बहीण, चांगुणा. लग्न होऊन वर्षा-दोन वर्षांत परत आली होती. का आली ते मी विचारलं की आई पळी उगारायची, त्यामुळे मला ते आजही माहीत नाही. उंच, हाडापेराने मोठी, तोंडाची फटकळ. तिच्या जिभेला बाप्ये वचकून असायचे. भादूची आई आठ-पंधरा दिवसांतच गेली, तेव्हा आत्याने त्याला बांबूच्या नळ्याने दूध पाजून जगवलं. नळा उंच धरायची, म्हणजे त्याला मान वर करूनच प्यावं लागेल. तो मोठा व्हायला लागला तशी तिने गव्हाण उंच बांधून घेतली, पाण्याची दगडी डोणी दोन चिऱ्यांवर चढवली. आणि गावात आवई उठवली, की हा रेडा हात पुढे केला की शिंगावर घेतो. बायका घाबरल्या. भाकरी कुंपणाच्या काठीला खोचून पळून जायच्या, आणि भादू डोकं वर करून ती ओढून खायचा. गाडीच्या चाकात अडकून त्याच्या शिंगाचं टोक मोडलं, तेव्हा आत्याने तेही कुणाच्या तरी बरगडीत मोडलं असं सांगितलं. लोकांनी मानलंसुद्धा.

एकदा मी त्याला तळहातावर गुळाचा खडा दिला. आत्याने बघितलं आणि माझ्या हातावर अशी काही चापट मारली, की हात दिवसभर हुळहुळत होता. मी रडत आईकडे निघाले तर तिने मला परकराला धरून बसवलं आणि समजावलं. म्हणाली, "मी देवीला फसवीत नाय. त्यानं आपनहून घातली मान, तर तिची वस्तू तिनं न्यावी. मी शिकवायची नाय, येवढंच. त्याला हात ठावा नसला तर तो जगंल, समजलं का गं?" मला समजलं. त्या दिवसापासून मी त्याच्यासमोर हात पाठीमागे बांधून उभी राहायची.

तसा तो हत्तीच झाला. चालायचा तो ताठ, नाकपुड्या वाऱ्यावर. नदीवर डुंबायला जाताना तो पुढे, आत्या मागे, आणि मागून मी. सगळ्या म्हशी माना पाण्याला लावून प्यायच्या, हा मध्ये जाऊन तोंड वर ठेवून बसायचा. गावातली म्हातारी माणसं बघायची आणि तोंडं कडू करायची. आत्या त्यांना रामराम घालायची.

मग ती थंडी आली. त्या थंडीचा मला आजही राग येतो, कारण तिच्याइतकी चांगली थंडी मला परत मिळाली नाही. भात झोडून झालं होतं. खळ्यावर पेंढ्याच्या गंज्या लागल्या होत्या. साजगावच्या जत्रेहून बापाने सुके बोंबील आणले होते आणि त्यांच्या वासाने घरातली मांजरं वेडी झाली होती. वालाच्या शेंगा भरल्या की पोरं शेतात पोपटी लावायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, वरून पेंढ्याचा जाळ. मडकं उघडलं की जो वास सुटायचा तो भादूला नदीपलीकडून कळायचा, आणि तो येऊन उभा राहायचा, डोकं वर करून, आपल्याला कुणी बोलावलं नाही याचं काही न वाटता.

त्याच दिवसांत मुंबईचा शेट शिकारीला आला आणि त्याने नदीकाठी तंबू ठोकले. त्याच्याबरोबर एक मूर्तीवाला होता. तरुण, गोरटेला, केस मानेपर्यंत, बोलणं पुस्तकातलं. शेटला बंगल्यात ठेवायला जनावराची मूर्ती हवी होती, वाघाची हवी होती बहुतेक. पण मूर्तीवाल्याने भादूला नदीवर बघितलं आणि वाघ विसरला. आमच्या अंगणात येऊन आत्याला नमस्कार करून म्हणाला, की बाई, हा मला थोडे दिवस द्या, नुसता बघायला. आत्या म्हणाली, बघायला काय लागतंय, बघ की. आणि मग त्याने विचारलं, की याच्या कानाला खाच कसली. आत्याने त्याला सगळं सांगितलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, मी शेजारी उभी राहून बघितलं. आणि त्यानेच ती गोष्ट काढली. म्हणाला, मूर्ती मातीची करून ती मी मुंबईला धातूत ओततो. शेटला एक देतो आणि एक तुमच्या देवीला देतो. जिवंत रेड्याऐवजी धातूचा घ्या म्हणावं. धातूचा कधी मरायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, गावाने ऐकलं कसं. गावाने लगेच ऐकलं. आमच्याकडे नवसाला पोराच्या वजनाचा पाळणा कबूल करतात आणि लाकडाचा टीचभर पाळणा वाहतात. डोळे आले तर चांदीचे डोळे वाहतात. वस्तूऐवजी वस्तूची प्रतिमा दिली तर देव रागावत नाही, हे आम्हांला कुणी शिकवायला नको होतं. शिवाय धातूचा रेडा पंचक्रोशीत कुणाकडे नव्हता. भगताने देवीला कौल लावला, कौल उजवा पडला. फक्त तो म्हणाला की प्रतिमा मान घातलेली हवी, हाताला तोंड लावलेली. मान वर केलेला रेडा देवीपुढे ठेवायचा म्हणजे तिच्या दारात तिलाच नाही म्हणायचं. यावरही सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्यानेही डोलावली.

मूर्तीवाला म्हणाला, मान घातलेली मी मनाने करू शकत नाही. समोर तसा उभा पाहिजे. मानेच्या शिरा, कातडीच्या वळ्या, हे बघितल्याशिवाय कसं करू?

म्हणून आत्याने त्याला हात शिकवला. तिने, तिच्याच हाताने. पहिल्या दिवशी ती खडेमीठ तळहातावर घेऊन त्याच्यापुढे बसली तेव्हा भादू मागे सरला. फुरफुरला. आत्या हसायला लागली. मग त्याने वास घेतला. जनावराला मिठाची ओढ असतेच, आणि याला ते आत्याने गव्हाणीतून कधीमधीच दिलेलं. त्याने मान हळूहळू खाली आणली, थांबला, परत वर केली, परत आणली, आणि खरखरीत जिभेने आत्याच्या हातावरून एक फराटा ओढला. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, गुदगुल्या व्हतात गं. मी तिला तसं लाजताना कधी बघितलं नव्हतं.

मग रोज तेच. खळ्यावर दुपारभर ऊन असायचं. आत्या पायरीवर बसायची, हात पुढे. भादू मान घालून चाटायचा. मूर्तीवाला नदीची चिकण माती तारेच्या सांगाड्यावर चढवत जायचा, मागे सरून बघायचा, लाकडी चाकूने खरवडायचा. ओल्या मातीचा वास, पेंढ्याचा वास, आणि भादूच्या जिभेचा तो चरचर आवाज. त्याने जीभ बाहेर काढून ठेवावी म्हणून मीठ संपलं तरी आत्याला हात तसाच धरायला सांगायचा. मीठ नसलं तरी भादू चाटत राहायचा, आणखी येईल म्हणून. आत्याच्या तळहाताला भेगा पडल्या. मूर्तीवाल्याने तिला मलम दिलं. आणि ती गाणी म्हणायची. घरात दळताना, शेण काढताना, नदीवर धुताना. आईसुद्धा म्हणाली, चांगुणाला काय झालंय. काय व्हायचं होतं? तिचा रेडा वाचला होता.

माघात माती पुरी झाली. मूर्तीवाल्याने तिच्यावर पांढरं चुन्यासारखं काहीतरी ओतलं, ते वाळून दगड झालं, मग त्याने ते खापा करून उतरवलं. आतला मातीचा भादू मोडला. आम्हांला धस्स झालं. तो म्हणाला, घाबरू नका, तो आता या खापांच्या आत आहे. आम्ही वाकून बघितलं तर आत पोकळी होती. खापा पेंढ्यात बांधून गाडीने कर्जतच्या स्टेशनवर गेल्या. निघताना त्याने आत्याचे पाय धरले. चैत्राच्या आत घेऊन येतो म्हणाला.

तो आला नाही. का आला नाही ते मला माहीत नाही. काही कारण असेल, चांगलंसुद्धा असेल. ते ऐकून घ्यायची माझी आता इच्छा नाही.

होळी झाली. शेतात राब भाजायला सुरुवात झाली, पालापाचोळा आणि शेणाच्या धुराने सगळा मुलूख निळा झाला. आत्या रोज खालापूरच्या रस्त्याला जाऊन उभी राहायची. गाडी दिसली की गाडीवानाला विचारायची, तुझ्या गाडीत रेडा हाय का. लोक तिला चिडवायला लागले. पोरं मुद्दाम धावत येऊन सांगायची, आत्या, आला गं तुझा रेडा, आणि ती हातातलं टाकून पळायची. तिने भगताला सांगितलं, की मूर्तीवाला येईपर्यंत जत्रा थांबवा. भगत वाईट माणूस नव्हता. त्याने तिला गूळपाणी दिलं आणि म्हणाला, "चांगुणा, प्रतिमा आली तर मी प्रतिमा घेतो. नाय आली तर देवीचा दिस आमी कसा हालवू?"

तेव्हा आत्याने भादूला हात विसरायला लावायचं ठरवलं.

हे मला सांगायचं नव्हतं. पण ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. ती खळ्यावर जायची, रिकामा हात पुढे करायची, आणि भादूने मान खाली आणली की दुसऱ्या हाताने त्याच्या नाकपुडीवर फटका द्यायची. ज्याला गावात कुणी काठी लावली नव्हती त्याला. भादू दचकून मागे व्हायचा, तिच्याकडे बघायचा, आणि जरा वेळाने परत यायचा. चूक झाली असेल असं वाटायचं त्याला. परत फटका. मग तिने वहाण घेतली. मग बाभळीची शिपटी. त्याच्या नाकातून रक्त आलं. आत्या रडायची आणि मारायची, आणि म्हणायची, शिक रं मुडद्या, शिक. दोन महिने तिने त्याला शिकवलं होतं ते दोन आठवड्यांत पुसायचं होतं.

तो एवढंच शिकला, की मार बसतो. हात पुढे आला की तो आधी डोळे मिटून घ्यायचा. डोळे मिटायचा, अंगाची कातडी थरथरायची, आणि तसाच मिटल्या डोळ्यांनी मान खाली आणून हाताला जीभ लावायचा. शेवटी शेवटी आत्याचाच हात उचलेना. तिने तोंड पदरात घातलं आणि भादू तिचा तळहात चाटत राहिला. मीठ नव्हतंच.

जत्रेला धूर होता, ढोल होते, मोहाचा गोडूस वास होता, आणि माणसं माणसांच्या खांद्यांवर. भादूला हळद लावली होती. कातळावर त्याचं दावं सोडलं तेव्हा तो नेहमीसारखा मान वर करून उभा राहिला, आणि मला वाटलं, उभा राहील. आत्याने माझा खांदा धरला होता. भगताने हात पुढे केला आणि पहिली हाक दिली. भादू हलला नाही. दुसरी हाक दिली तेव्हा तो एक पाऊल मागे सरला. लोक कुजबुजायला लागले. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला की असं कधी झालं नाही. आत्याची नखं माझ्या खांद्यात रुतली होती आणि ती ओठातल्या ओठात पुटपुटत होती, शाना माजा, शाना माजा.

तिसरी हाक झाली. भादूने इकडेतिकडे बघितलं, आम्ही बायकांत होतो तिकडेही बघितलं. मग त्याने डोळे मिटले. त्याच्या पाठीची कातडी थरथरली. सगळ्या गावाला ते देवीचं वारं वाटलं, लोकांनी हात जोडले. आणि मिटल्या डोळ्यांनी, फटका कधी बसतो त्याची वाट बघत, त्याने मान खाली आणली आणि भगताच्या रिकाम्या हाताला जीभ लावली.

मागे कोयता घेऊन उभा होता त्याने हात उचलला. भादू तेव्हाही चाटत होता.

ढोल वाजले. देवी पावली म्हणून लोक एकमेकांना भेटायला लागले. भगताने हात पंच्याला पुसला. म्हाताऱ्या बायका आत्यापाशी येऊन तिच्या पाया पडल्या. आजवरच्या सगळ्या रेड्यांत हा शहाणा, म्हणाल्या, डोळे मिटून दिली मान याने, तू काय पुण्याईनं वाढवला गं. त्यांनी तिची ओटी भरली. ती ओटी घेऊन आत्या घरी आली, गोठ्यात गेली, आणि उंच बांधलेली गव्हाण तिने कोयत्याने तोडली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने इतर म्हशींचं शेण काढलं.

इकडे आवारात बंब आम्हांला मिळाला. आमचे हे खूश होते, त्याच्या तांब्यावर टिचक्या मारून बघत होते. रेडा चिरूटवाल्याने घेतला. मुंबईला बागेत कारंज्याच्या कडेला ठेवणार म्हणाला, म्हणजे जीभ बरोबर पाण्याला टेकेल. हमालांनी त्याच्या गळ्यात दोरखंड घातला आणि दोघे पुढून ओढायला, दोघे मागून ढकलायला लागले. लॉरीत चढवताना तो एकदा निसटला आणि तोंडावर पडला. जीभ वाकली का म्हणून चिरूटवाल्याने हात लावून बघितलं. नव्हती वाकली. मी यांना म्हटलं, चला घरी. हे म्हणाले, एवढी घाई कसली, आणि माझ्या तोंडाकडे बघून बंब उचलायला लागले.

एवढी वर्षं तो तिथे होता. नदीच्या या अंगाला आमची रेल्वेची खोली, त्या अंगाला बंगला. त्याच्या भिंतीसमोर, या काठाला, मी रोज धुणं धुवायची.

आत्या आता आमच्याकडेच असते. गावाकडचं कुणी उरलं नाही. तिला दिसायचं बंद झालंय, पण बसल्या जागी हात चालू असतात. मी घरी आले तेव्हा ती ओट्यावर भिजवलेले वाल सोलत होती. बंब कसा आहे म्हणून तिने विचारलं. हाताने चाचपला, भोकबीक नाही ना ते बघितलं, पाण्याचा नळ फिरवून बघितला. तिला सांगणार नाही असं मी वाटेत ठरवलं होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही, आणि हे तर राहूच शकत नव्हतं. मी तिच्यापाशी बसले आणि सांगितलं, की तो मूर्तीवाला खोटं बोलला नव्हता, त्याने रेडा केला होता. धातूचा. शेटच्या बंगल्यात होता. मी आज बघितला.

 आत्या वाल सोलत राहिली. मला वाटलं, तिने ऐकलं नाही, म्हणून मी परत सांगणार होते.

"मान वर हाय का खाली?" तिने विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. सत्तरीला टेकलेली म्हातारी, बोटं वालाच्या पाण्याने सुरकुतलेली, तोंड माझ्याकडे पण नजर भलतीकडेच. आता एवढ्या वर्षांनी तिला काय सांगू? काय बिघडणार होतं?

"वर," मी म्हटलं. "चांगली ताठ वर हाय, आत्या. नदीवर चालायचा ना, तशी."

तिने मान हलवली. हातातल्या दाण्याचं साल काढून दाणा परातीत टाकला.

"मग तो आपला नव्हं गं," आत्या म्हणाली. "आपल्या भादूला मी खाली घालायला शिकवली व्हती."